खूण दोन बूट मागे

टोळाच्या आईची लॉन्ड्री होती. तिच्याकडे इस्त्र्या तीन आणि मुलगे दोन, आणि ती इस्त्र्यांना जास्त जपायची. इस्त्री बिघडली की पदरचा खर्च. मुलगा बिघडला तर एक ठेवून दिली की भागतं, असं तिचं सरळ मत. थोरल्याला सगळी गल्ली दादा म्हणायची. धाकट्याचे पाय जमिनीपासून सुरू होऊन थेट छातीत संपायचे, म्हणून तो टोळ. त्याला खरं नावही होतं, पण ती हाक पुरी होईपर्यंत तो पुढच्या चौकात पोचलेला असायचा. त्यामुळे ते वापराअभावी गंजलं.

लॉन्ड्रीचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे पुलापलीकडचं हॉटेल. रोज सकाळी तिथे धुतलेल्या चादरी पोचवायच्या. मुलगे दोन आणि सायकल एक. आई दादाला अर्धं गाठोडं देऊन सायकलवर पुढे काढायची. मग टोळाच्या डोक्यावर उरलेलं गाठोडं ठेवताना, जणू सहज आठवलं अशा आवाजात म्हणायची, "दादाने आज तुझे बूट घातलेत रे."

झालं. टोळाच्या तळपायाची आग मस्तकात. पुलाच्या अलीकडेच तो सायकल गाठायचा, आणि दादाच्या पाठीत गुद्दा घालून पुढे निघून जायचा. चादरी इतक्या गरम पोचायच्या की एकदा एका पाहुण्याची पाठ भाजली. खोटं वाटत असेल तर त्या पाहुण्याला विचारा. पाठ अजून आहे त्याच्याकडे.

बूट दादाने घातलेलेच नसायचे. पण हे कळेपर्यंत चादरी पोचलेल्या असायच्या, आणि दुसऱ्या दिवशी आईला नवं काहीतरी आठवायचं.

हे सगळं एका माणसाने पाहिलं. तो पँट न्यायला आला होता आणि पँट न घेताच दारात उभा राहिला. त्याला सगळे मास्तर म्हणायचे. तो देशाच्या धावपटूंना शिकवायचा. बोलायला इतका गोड, की त्याच्या शर्टाच्या कॉलरला मुंग्या लागतात असं आई सांगायची. मास्तरांनी दोन्ही पोरं उचलली आणि मैदानावर नेली.

पुढची वर्षं मी भराभर उरकतो, कारण ती टोळानेही भराभरच उरकली. जिल्हा, मग राज्य, मग देश. प्रत्येक शर्यतीत दादा आणि टोळ, आणि त्यांच्या मागे बाकीची दुनिया. टोळाला एकच हवं होतं. चौघांच्या रिलेत त्याला रस नव्हता. ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरची एकट्याची शर्यत, स्वतःचा एक पट्टा, आणि त्या पट्ट्यात आपण सोडून कुणी नाही, एवढंच त्याचं मागणं. घरात त्याला खाट अर्धी, साबण अर्धा, आईची शिवीसुद्धा "दोघेही मेल्यांनो" अशी अर्धीच वाट्याला यायची. जगात कुठेतरी आपल्या एकट्याची अशी एक चिंचोळी जागा असावी, एवढी त्याची भूक.

ऑलिंपिकच्या निवडीची शर्यत झाली. देशाला एकच जागा होती. टोळ पहिला आला, दादा दुसरा. फरक एका छातीचा. दादानेही तो पाहिला. रेषेपलीकडे जाऊन गुडघ्यांवर हात टेकताना तो म्हणाला, "आज तू खाल्लंस रे मला." टोळ त्या रात्री झोपेतही हसत होता.

दुसऱ्या दिवशी मास्तर लॉन्ड्रीत गेले. आई टेबलावर हॉटेलचे टॉवेल घडी करत होती.

"बाई, एकट्याच्या शर्यतीला कुणाला नेऊ? धाकटा पहिला आलाय."

आईने मान वर केली नाही. "थोरल्याला न्या."

"आणि धाकटा?"

"त्याला थोरल्याच्या मागे ठेवा. रागावला की पळतो तो. एरवी बरा आहे, पण एरवी काय कामाचा?"

आयुष्यभर मास्तरांनी पायाचे स्नायू, श्वास, खुराक यांवर पुस्तकं वाचली होती. आणि सगळी विद्या ह्या वाफेच्या खोलीत, टॉवेलांच्या ढिगामागे बसली होती. त्यांनी वाकून नमस्कार केला म्हणतात. पँट मात्र पुन्हा विसरले.

निवडीच्या कागदावर दादाचं नाव लागलं. मास्तरांनी टोळाला सांगितलं, "दादाने आग्रह धरला रे. मी काय करू, थोरला आहे." आणि दादाला सांगितलं, "टोळ तयार आहे, तू काही बोलू नकोस, उगाच त्याला कानकोंडं होईल." दादा काही बोलला नाही. न बोलणं त्याला सोयीचं होतं. सोयीचं असलं की माणूस लगेच समजूतदार होतो.

आता रिलेची गोष्ट. रिलेत चौघे धावतात. हातातलं बॅटन पुढच्याला द्यायचं, तेही आखून दिलेल्या चौकटीच्या आत. चौकट संपली आणि बॅटन दिलं गेलं नाही, तर सगळे बाद. मजा अशी, की एकदा सुटला की बॅटन घेणारा मागे बघत नाही. मागे बघितलं की वेग मेला. तो जमिनीवर, आपल्या मागे काही अंतरावर, चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेवतो. अंतर आपल्याच बुटांनी मोजायचं, टाचेला चवडा लावून. मागून येणाऱ्याचा पाय त्या पट्टीवर पडला, की याने डोळे मिटून सुटायचं. मग मागून "घे!" ऐकू आलं की हात मागे. येणारा जितका जोरात, तितकी पट्टी लांब लावायची, नाहीतर तो अंगावर येऊन आदळतो. येणारा दमलेला असेल तर पट्टी जवळ आणायची, नाहीतर पुढचा पळून जातो आणि मागचा हात पसरून राहतो.

बाकीचे मास्तर चांगले धावणारे चौघे निवडतात. आमच्या मास्तरांनी वैरी निवडले. पहिला सुतार. दुसरा पोस्टमन, ज्याने सुताराच्या बहिणीशी ठरलेलं लग्न ऐन वेळी मोडलं होतं. त्यामुळे सुतार त्याच्याकडे जायला निघाला की बॅटन देतो की डोक्यात घालतो, असं वाटायचं. तिसरा टोळ. टोळाने पोस्टमनला "गोगलगाय" हे नाव पाडलं होतं, आणि ते इतकं चिकटलं की पोस्टमनची बायकोसुद्धा घरात "अहो गोगलगाय, जेवायला या" म्हणायची. पोस्टमन टोळाला पाण्यात पाहायचा. आणि चौथा दादा, ज्याच्या पाठीकडे टोळ धावायचा.

जगात असा संघ झाला नसेल. चौघे एकमेकांशी अवाक्षर बोलायचे नाहीत. वर्षभरात त्यांच्यात एकच शब्द बोलला गेला, "घे!", आणि तोही शिवीसारखा. पण वेळ दर महिन्याला घटत गेली.

मास्तरांना घड्याळाची गरज उरली नाही. ते दादाच्या पट्टीवरून सगळं ओळखायचे. टोळाचा राग वाढला की तो अंगावर यायचा, मग मास्तर म्हणायचे, "दादा, खूण एक बूट मागे." कधी टोळ सकाळी जरा हसरा दिसला, की मास्तर त्याच्याजवळ जाऊन म्हणायचे, "दादाला नवे बूट मिळाले बघ, एकट्याच्या शर्यतीचे. मखमलीच्या पिशवीत आलेत." दुपारी खूण पुन्हा मागे. प्रेमाचं माप काढणारं यंत्र अजून कुणाला जमलेलं नाही, पण द्वेषाचं माप मास्तरांनी चिकटपट्टीने काढलं होतं, आणि तेही बुटांत.

ऑलिंपिकला गेले. पहिल्याच दिवशी दादा एकट्याच्या शर्यतीत धावला आणि पहिल्याच फेरीत शेवटचा येऊन बाहेर पडला. टोळ प्रेक्षकांत बसून बघत होता. आपली जागा दुसऱ्याने खाल्ली, याचं दुःख असतं; पण खाऊन ओकून टाकली, याचा संताप त्याहून मोठा. त्या संध्याकाळी सरावात टोळ असा आला की दादाच्या टाचा सोलून निघाल्या. "खूण दोन बूट मागे," मास्तर म्हणाले आणि शीळ घालत जेवायला गेले.

अंतिम शर्यतीच्या दिवशी सकाळी टोळ खेळाडूंच्या लॉन्ड्रीत जाऊन बसला होता. मोठी खोली, भिंतीला लागून गोल काचेची यंत्रं, आत टॉवेल गरगरतायत. घरासारखा वास. दादा दारात आला. यंत्रातून निघालेल्या चादरींचा गरम ढीग टेबलावर होता. दादाने एक चादर उचलली आणि दोन टोकं पुढे केली. टोळाने विचार न करता उरलेली दोन धरली. लहानपणापासून अंगात भिनलेलं काम ते. भांडण झालं तरी चादर एकट्याने घडी होत नाही. झटकली, ताणली, दुमडली, आणि दोघे टोकाला टोक मिळवायला एकमेकांकडे चालत आले. नाकाला नाक आलं तेव्हा दादा म्हणाला, "निवडीत तू पहिला होतास."

"माहीत आहे मला."

"मला पण माहीत होतं. मी गप्प बसलो."

"मास्तर म्हणाले, तूच आग्रह धरलास."

"मी? शपथ! मला म्हणाले तू तयार आहेस. पण खरं सांगू? मला ते खरं वाटलं नव्हतं. तरी गप्प बसलो. हाव सुटली रे." "त्या दिवशी पट्ट्यात उभा राहिलो आणि वाटलं, मी कुणाच्या तरी घरात शिरलोय. पायच उचलेनात. मला माफ कर."

टोळ चादरीची कड बोटांनी दाबत राहिला. काहीतरी सुटलं त्याच्या आत. इतकी वर्षं मूठ आवळून धरलेल्या माणसाची मूठ उघडली की बोटं दुखतात, तसं त्याला दुखलं.

"जाऊ दे," तो म्हणाला. "चल, ही पण घडी करू."

दोघांनी सगळा ढीग घडी केला. हसलेसुद्धा. आईच्या नकला केल्या. निघताना टोळ एकदम गंभीर झाला. "दादा, एक ऐक. आज खूण जवळ आण. दोन बूट. नाही, तीन."

"का?"

"आता मी तेवढा जोरात नाही येणार. तो जोर..." त्याला शब्द सापडेना. "तो जोर नाही उरला. खरंच. तू लवकर सुटलास तर मी पोचणार नाही."

"आणतो," दादा म्हणाला आणि त्याच्या केसांतून हात फिरवला.

संध्याकाळी दादा ट्रॅकवर आपल्या पट्टीजवळ गुडघे टेकून बसला होता. जुनी पट्टी नखाने उचकटून त्याने हातात घेतली होती, टाचेला चवडा लावून पुन्हा मोजत होता. मास्तर कठड्यापाशी आले.

"काय चाललंय?"

"खूण तीन बूट पुढे घेतोय. टोळ म्हणाला."

मास्तर शिव्या देतील असं दादाला वाटलं. पण ते फक्त म्हणाले, "टोळ म्हणाला होय?" आणि खिशातून बडीशेपेची पुडी काढून दोन दाणे तोंडात टाकले. "बरं. तुमचं आपसातलं आहे."

एवढंच. मास्तर निघून गेले. कसलेला माणूस पोत्यात साप घालून देत नाही. पोतं देतो, साप आपण घालतो.

दादा हातातल्या पट्टीकडे बघत बसला. टोळ म्हणाला. का म्हणाला? खूण जवळ आणली आणि टोळ नेहमीच्या जोरात आला, तर? आपण अजून सुटतोय तोवर तो पाठीवर येऊन आदळणार, खिळ्यांचे बूट टाचेत घुसणार, सगळ्या जगासमोर आपण तोंडावर पडणार. एकट्याच्या शर्यतीत शेवटचा आणि रिलेत तोंडावर. सकाळी किती पटकन "जाऊ दे" म्हणाला! सख्खा भाऊ झाला तरी इतक्या लवकर कोण माफ करतं? आपण त्याच्या जागी असतो तर केलं असतं?

आपण केलं नसतं, हे त्याला स्वच्छ दिसलं. आणि आपल्यापेक्षा दुसरा बरा असेल हे मानायला फार मोठं काळीज लागतं. त्याने पट्टी जुन्या जागी लावली. मग उचकटली आणि आणखी दोन बूट मागे लावली. खबरदारी म्हणून.

बंदुकीचा बार झाला. सुतार निघाला तो पोस्टमनचा गळा धरायलाच. पोस्टमन तसाच फेसाळत टोळाकडे आला, "घे!" म्हणून बॅटन असं हाणलं की टोळाचा तळवा लाल झाला. टोळ वळणावर निघाला. आणि काय सांगू, तो सुंदर धावला. हलका, मोकळा, चेहऱ्यावर राग नाही, दात-ओठ खाणं नाही. पाखरू जावं तसा. आयुष्यात पहिल्यांदा त्याला धावताना आजूबाजूचं दिसलं. दोन पट्टे पलीकडचा गडी त्याच्या पुढे निघून गेला, तोही त्याला छान दिसला.

वळण सुटता सुटता त्याच्या पायाखाली पट्टी आली.

फार लवकर आली. त्याला ते तळपायाने कळलं, डोळ्यांनी नंतर. समोर दादा सुटला होता. पाठ दूर चालली होती, आणखी दूर. पट्टी जवळ आली नव्हती. मागे गेली होती. सकाळची चादर, नाकाला नाक, केसांतला हात, आणि ही पट्टी. दादाने त्याच्या एका शब्दावरही विश्वास ठेवला नव्हता.

मग जे झालं ते बघितलेले लोक अजून सांगतात. काही म्हणतात त्याच्या पायाखालचं रबर वितळलं. काही म्हणतात पुढच्या रांगेतल्या एका बाईची टोपी उडाली ती तिसऱ्या दिवशी सापडली. मी एवढंच सांगतो, की तो माणूस दादाला बॅटन द्यायला धावत नव्हता. चौकटीची शेवटची रेघ उरली होती विताएवढी, तेव्हा "घे!" असा आवाज झाला की दादाच्या मानेवरचे केस उभे राहिले, आणि बॅटन हातात पडलं. दादा जिवाच्या भीतीने पळाला. पहिला आला.

सोनं. रेषेवरचा फोटो साऱ्या जगात छापून आला. त्यात दादा छाती काढून, हात पसरून. टोळ त्या फोटोत नाही. तो वळणापाशी उभा होता, गुडघ्यांवर हात टेकून.

दादा झेंडा पांघरून धावत त्याच्याकडे आला, त्याला कडकडून मिठी मारली. "आलास की नाही! मला माहीत होतं तू येणार!"

"खूण," टोळ म्हणाला.

"अरे, सोड ना आता."

"मी तुला जवळ आण म्हटलं होतं. तू मागे नेलीस."

दादा मनमोकळं हसला. त्याच्या मनात काही पाप नव्हतं, तीच तर पंचाईत. "वेड्या, जवळ आणली असती तर तू माझ्यावर चढला असतास! तू खरंच माफ केलं असतंस तर पोचला असतास का? पोचलास ना? मग! माझंच बरोबर निघालं की नाही?"

आता गळ्यात सोनं पडणार होतं, आणि टोळाने माफ केलं नव्हतं याचा तोच पुरावा होता.

त्यानंतर मास्तरांना काही कानात सांगावं लागलं नाही. पण दादाने सोन्यावर समाधान मानून धावणं सोडलं, आणि पुढच्या ऑलिंपिकला एकट्याची जागा टोळाला मिळाली. न मागता. दुसरा कुणी नव्हताच.

शंभर मीटर. आठ पट्टे, त्यातला एक त्याचा. टोळ खाली बसला, बोटं रेषेला लावली. दोन्ही बाजूंना पांढरी रेघ आणि मध्ये आपण सोडून कुणी नाही. तहान लागलेल्याने तळ्याकडे बघावं तसा त्याने त्या चिंचोळ्या जागेकडे बघितलं. बंदुकीचा बार झाला. तो सगळ्यांच्या आधी सुटला, आणि अर्धी शर्यत सगळ्यांच्या पुढे होता. मग त्याने पाठ शोधली. समोर पाठ नव्हती. मोकळा लाल रस्ता, शेवटी एक रेघ. ह्या रेघेने त्याचं कधी काही खाल्लं नव्हतं. पाय गोंधळले. चुलीवरून उतरवलेल्या दुधासारखा तो बसत गेला. सात जण त्याच्या पुढे गेले. आता पाठीच पाठी होत्या, पण एकही ओळखीची नाही. तो आठवा आला.

दादा प्रेक्षकांत होता. खाली उतरून आला, त्याच्या खांद्यावर हात टाकला. "मनाला लावून घेऊ नकोस. तू स्वभावानेच गरीब. ह्या शर्यतीला जरा दुष्ट माणूस लागतो." टोळाने घरी फोन केला तर आई म्हणाली, "आठवा? धावत होते किती?" आणि मशीन थांबलंय म्हणून फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मास्तर त्याच्या खोलीत आले. टोळ खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. मास्तर खुर्ची ओढून बसले, पुडीतले दोन दाणे त्याच्यापुढे केले. त्याने घेतले नाहीत.

"रिले परवा आहे," मास्तर म्हणाले. "तिसऱ्या जागेवर तूच. चौथ्या जागेवर नवा गडी आहे, तो पलीकडच्या खोलीतला. चांगला पळतो. स्वभावाने पण बरा आहे."

टोळाने पांघरूण डोक्यावर ओढलं.

"तुला त्याचा राग यायला परवापर्यंतचा वेळ पुरेल का?"

"काय केलंय त्याने?"

"अजून काही नाही." मास्तर पुढे झुकले. आवाज इतका गोड, की खिडकीतली माशी आत आली. "तूच सांग ना. काय करायला लावू त्याला? तुझं जेवण उष्टावायला सांगू? चारचौघांत आठव्या नंबरावरून हसायला सांगू? तुझ्या आईवरून काही बोलायला लावू?"

टोळ उठून बसला. त्याने पाय खाली सोडले, त्या लांबलचक पायांकडे थोडा वेळ पाहिलं, आणि कामाचं बोलावं तशा आवाजात म्हणाला, "त्याने काही होणार नाही. त्याला माझी माफी मागायला पाठवा."

"कशाबद्दल?"

"कशाबद्दलही. फक्त मनापासून मागायला सांगा. आणि मग खूण दोन बूट मागे लावायला."